अर्ध्या बोटाचा माणूस

बाबा रिटायर झाले तेव्हा ऑफिसने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. नारळाची दोन दिवसांत चटणी झाली, शाल अजून कपाटात तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे आणि घड्याळ हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागलं. चौतीस वर्षं हा माणूस घड्याळाच्या काट्यावर धावला, सकाळचा चहा उभ्यानेच, बस चुकली की दिवसभर तोंड एवढंसं, मस्टरवर लाल शेरा पडला की घरी आल्यावर आईशी बोलणं नाही, आणि शेवटच्या दिवशी साहेबांनी छोटंसं भाषण करून त्यांच्या हातात काय ठेवलं तर घड्याळ. तेव्हा यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटलं नाही. मी तर फोटो काढत होतो.

ते विचित्र आहे हे मला कळलं त्यानंतर काही वर्षांनी, डब्लिनमध्ये, रात्री दीड वाजता, यूट्यूबवर.

कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं आणि मी टाला नावाच्या उपनगरात एका खोलीत राहायचो. नोव्हेंबरमध्ये तिथे साडेचारला अंधार पडतो, पाऊस म्हणजे धड पाऊस पण नाही, नुसतं ओलं हवामान, आणि संध्याकाळ संपता संपत नाही. मग माणूस काय करणार, एकातून दुसरी क्लिप, दुसरीतून तिसरी. तशात एक पिकलेल्या केसांचा, सुटाबुटातला माणूस समोर आला, खुर्चीत आरामात बसलेला, कुठे घाई नाही, कुठे ओरडणं नाही. तो सांगत होता की आपण आयुष्यभर घड्याळावर पळतो. घड्याळाच्या गजराने उठतो, घड्याळ बघून कामाला जातो, तिथे घड्याळाला कार्ड लावतो, घड्याळ बघून घरी येतो, जेवतो, झोपतो, परत उठतो, परत कामाला, आणि असं चाळीस वर्षं केलं की आपण रिटायर होतो आणि मग ते आपल्याला काय देतात? आणि इथे त्याने एक शिवी घातली, फार चपखल जागी, आणि म्हणाला, घड्याळ!

मी हसलो आणि मग एकदम गप्प झालो. आमच्या हॉलमधलं ते घड्याळ डोळ्यांसमोर आलं.

तो माणूस म्हणजे आयरिश विनोदवीर डेव्ह अ‍ॅलन. ही क्लिप 1990 सालच्या त्याच्या बीबीसीच्या कार्यक्रमातली. त्या एका शिवीवरून ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला आणि बीबीसीला माफी मागावी लागली. मला याची गंमत वाटते. चाळीस वर्षं माणसाला पिळून घेऊन हातात घड्याळ ठेवतात यावर कुणी प्रश्न विचारला नाही, शिवीवर विचारला. पण अ‍ॅलनच्या सगळ्या करिअरमध्ये हे असंच होत आलेलं दिसतं, तो ज्याच्यावर बोट ठेवायचा ते सोडून लोक बोटाकडेच बघायचे. आणि बोटाचं म्हणाल तर ते पण त्याचं अर्धंच होतं, त्यावर येतो नंतर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये चहाच्या वेळी मी हे नाव काढलं तर माझ्या टीममधला साठीला आलेला एक आयरिश सहकारी, जो एरवी हवामान आणि रग्बी सोडून कशावर बोलायचा नाही, तो एकदम खुलला. म्हणाला अरे तू राहतोस तिथून चालत जाशील एवढ्यावर जन्मला तो, फरहाउसला. खरंच होतं. फरहाउस टालाला चिकटूनच आहे, मधे डॉडर नदी, आता सगळी एकसारखी घरं, पण 1936 साली तिथे बरंचसं रानच असणार. 6 जुलै 1936 ला तिथे डेव्हिड टायनन ओमाहोनी नावाचं पोर जन्माला आलं. वडील द आयरिश टाइम्समध्ये मॅनेजिंग एडिटर, आई इंग्लंडची, नर्स. वडिलांच्या घरातली कॅथरीन टायनन ही नावाजलेली कवयित्री. म्हणजे घरात शब्दांची काही कमी नव्हती. वडील गप्पिष्ट, रात्री पोरांना भुताच्या गोष्टी सांगायचे. डेव्हिड बारा वर्षांचा असताना वडील गेले.

शाळा सगळ्या धर्मगुरूंच्या आणि नन्सच्या. आता आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी मीडियम, टाय, शिस्त आणि अ‍ॅडमिशनची रांग एवढंच डोळ्यांसमोर येतं. चाळीसच्या दशकातल्या आयर्लंडमधली कॉन्व्हेंट हे वेगळंच प्रकरण होतं, तिथे मार हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. आयरिश शाळांमध्ये मारायला बंदी आली ती थेट 1982 साली. अ‍ॅलनचा एक किस्सा आहे शाळेच्या पहिल्या दिवसाचा, चिमुरडं पोर, आईचा हात सुटलेला, काळ्या झग्यातल्या उंच बायका, आणि समोर भिंतीवर काय तर एक माणूस खिळे ठोकून टांगलेला. आणि ती नन विचारते, तू इथे शहाण्यासारखा वागणार ना? आता त्या भिंतीकडे बघून कुठलं पोर नाही म्हणेल! हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खोखो हसलो, दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. डोळे हसत नव्हते.

शाळेनंतर वडिलांच्या वाटेने पेपरात जायचं म्हणून थोडी उमेदवारी आयर्लंडमध्ये केली, मग लंडन गाठलं. तिथल्या पेपरांनी काही दारात उभं केलं नाही. मग मिळेल ते करत तो बटलिन्समध्ये रेडकोट झाला. हे बटलिन्स म्हणजे इंग्लंडच्या कामगार-मध्यमवर्गीय लोकांचे समुद्रकिनाऱ्यावरचे हॉलिडे कॅम्प, आणि रेडकोट म्हणजे तिथे लाल कोट घालून दिवसभर पाहुण्यांचं मन रमवणारी पोरं. सकाळी व्यायाम घ्या, दुपारी म्हाताऱ्यांचे खेळ घ्या, रात्री स्टेजवर जोक सांगा. नाव पण तेव्हाच बदललं. एजंट म्हणाला ओमाहोनी कुणाला धड म्हणता येत नाही, तर याने अ‍ॅलन घेतलं, कारण ते ए वरून सुरू होतं आणि एजंटच्या यादीत वर आलं असतं. म्हणजे पुढे ज्या नावाला पोप, बिशप आणि खासदार दचकले ते नाव हजेरीपटाच्या हिशोबाने निवडलेलं. मला हे फार आवडतं.

1959 मध्ये बीबीसीच्या न्यू फेसेस या नवोदितांच्या कार्यक्रमात दिसला, 1963 च्या सुरुवातीला हेलन शपिरो या गायिकेच्या टूरवर निवेदन करत फिरला, त्या टूरवर बीटल्स नावाची चार पोरं पण होती, अजून कुणी फारसं ओळखत नसलेली. पण तोपर्यंत हा साधा जोक सांगणारा होता, तसे शंभर होते. जे काही घडलं ते ऑस्ट्रेलियात. तिथे त्याच्याबरोबर कार्यक्रम करणारी हेलन ट्रॉबेल नावाची ऑपेरा गायिका होती, वाग्नर वगैरे गाणारी, म्हणजे याच्या धंद्याशी काही संबंध नाही. स्टेजमागे हा आपल्या लहानपणाच्या, शाळेच्या, आयर्लंडच्या गोष्टी सांगायचा त्या तिने टेप करून ठेवल्या आणि त्यालाच ऐकवून सांगितलं की बाबा रे, तू स्टेजवर जे सांगतोस ते सोड, हे सांग.

मला वाटतं ही त्याच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कारण जोक कुणाचाही असतो, कुणीही सांगावा. गोष्ट ज्याची त्याचीच. जोक सांगायला उभं राहावं लागतं, हातवारे, टाळी घ्यायची, पुढचा जोक. गोष्ट बसून सांगता येते. आणि हा बसला! आधी उंच स्टूल, मग खुर्ची, एका हातात सिगारेट, बाजूला ग्लास, त्यात व्हिस्की आहे असं सगळ्यांना वाटायचं पण असायचं जिंजर एल, म्हणजे आल्याचं बिनदारूचं पेय. स्टँडअप म्हणतात त्या कलेतला एक मोठा माणूस अर्ध्याहून जास्त करिअर बसून होता. आपल्याकडे जेवणं झाल्यावर ओसरीवर एखादा काका पान जमवत बसतो आणि पोरं हळूहळू त्याच्याभोवती गोळा होतात, तसा. फक्त हा काका पान जमवता जमवता व्हॅटिकनची चंपी करायचा.

ऑस्ट्रेलियात चॅनल नाईनवर त्याला स्वतःचा शो मिळाला आणि तिथेच पहिली बंदी पण मिळाली. लाइव्ह कार्यक्रमात पीटर कुक आणि डडली मूर या इंग्रज विनोदवीरांशी गप्पा रंगल्या होत्या आणि निर्माता मागून सारखा जाहिरात घे जाहिरात घे म्हणून खुणावत होता, तर याने कॅमेऱ्यासमोरच त्याला एका अशा खाजगी उद्योगाला लागायला सांगितलं जो मी इथे लिहू शकत नाही, घरचे वाचतात. बंदी फार टिकली नाही, लोकांना तो हवाच होता.

1964 मध्ये तो इंग्लंडला परतला, व्हॅल डूनिकन या आयरिश गायकाच्या कार्यक्रमातून घराघरात पोचला आणि 1971 ते 1979 बीबीसीवर डेव्ह अ‍ॅलन अ‍ॅट लार्ज केला. हा त्याचा बहराचा काळ. खरं सांगू, त्यातली स्किट्स आज बघवत नाहीत सगळी. पळापळ, नकली दाढ्या, फाशीच्या तख्ताचे जोक, बायकांवरचे जोक तर त्या काळातच ठेवावेत असे. मी बरीचशी पुढे ढकलतो. पण स्किट संपलं, तो खुर्चीत येऊन बसला, राख झटकली, की मी मोबाईल खाली ठेवतो. आदम आणि हव्वेची गोष्ट तो अशी सांगतो की जणू शेजारच्या गल्लीत घडली. शिवी नाही, उपहासाचा सूर पण नाही, फक्त देवाला, सापाला आणि त्या दोघांना साधी माणसं केल्यासारखं बोलायचं. देवालाही जरा घाबरलेला, जरा गोंधळलेला दाखवायचं. एवढं केलं की बाकीचं काम ऐकणाऱ्याचं डोकं आपोआप करतं.

आणि 1975 चं ते पोपचं स्किट. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्यांवर पोप, म्हणजे स्वतः अ‍ॅलन, आणि त्याचे कार्डिनल, मागे स्ट्रिपटीजचं म्युझिक, आणि एकेक भरजरी वस्त्र खाली उतरतंय. मी हिंदू घरातला, मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं, पण मी क्षणभर कल्पना केली की आपल्याकडच्या एखाद्या पीठाच्या पायऱ्यांवर असं काही टीव्हीवर दाखवलं तर, आणि कल्पना तिथेच थांबवली. म्हणजे घाबरलो. असो.

आयर्लंडमध्ये तेव्हा चर्चचा शब्द म्हणजे शब्द होता. घटस्फोट मिळायचा नाही, त्यासाठी 1995 चं सार्वमत यावं लागलं आणि ते पण काठावर पास झालं. गर्भनिरोधकं सत्तरच्या दशकात विकता यायची नाहीत. 1979 मध्ये पोप आले तर डब्लिनच्या फिनिक्स पार्कात दहा लाखांवर माणसं, सगळ्या देशाची लोकसंख्याच तेव्हा चौतीस लाखांच्या आसपास. अशा देशाच्या सरकारी टीव्हीने, आरटीईने, 1977 मध्ये अ‍ॅलनला जवळजवळ बंदच करून टाकलं. पण इथेच गंमत आहे, आणि ही मला त्या सहकाऱ्याने सांगितली. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डब्लिनमध्ये, उंच अँटेना लावला की समुद्रापलीकडून बीबीसी पकडायचं. तेव्हाच्या फोटोंमध्ये घरांच्या छपरांवर अँटेनांचं जंगलच दिसतं. तो म्हणाला, आई चर्चला नेमाने जाणारी, अ‍ॅलन लागला की म्हणायची बंद करा ते पाप, आणि चॅनल बदलायला कुणी उठलं नाही तर स्वतः पण उठायची नाही. विणकाम करत बसायची, मान खाली, आणि खांदे हलत असायचे.

मान खाली आणि खांदे हलतायत. हे चित्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मला वाटतं त्या बाईला कळत होतं की हा आपल्या देवाला हसत नाहीये. हा हसतोय ते देवाच्या नावावर हातात पट्टा घेतलेल्यांना. अ‍ॅलन 10 मार्च 2005 ला झोपेत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधल्या फर्न्स या धर्मप्रांतातल्या पाद्र्यांनी केलेल्या बाल लैंगिक अत्याचारांचा अहवाल आला आणि 2009 मध्ये रायन कमिशनचा, चर्चच्या संस्थांमध्ये पोरांना दशकानुदशकं काय काय सोसावं लागलं त्याचा, हजारो पानांचा. हे वाचल्यावर शाळेच्या पहिल्या दिवसाचा तो किस्सा परत ऐकून बघा. लोक तीस वर्षं ज्याला विनोद समजत होते ती अर्धी साक्ष होती. मी त्याला द्रष्टा वगैरे म्हणत नाही, त्याने जे पाहिलं ते सांगितलं एवढंच, पण हसवत सांगितलं म्हणून ते बाहेर तरी आलं.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये मी डब्लिनमध्येच होतो तेव्हा ईशनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढायचं सार्वमत झालं आणि आरामात पास झालं. मला मत नव्हतं. विजेच्या खांबांवर पोस्टर्स मात्र राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचीच जास्त, ती पण त्याच दिवशी होती. ऑफिसमध्ये कुणी फार बोललं पण नाही. माझा सहकारी मतदान करून आला, कोट झटकला आणि म्हणाला, आज आई असती तर नाही म्हणून मत दिलं असतं, आणि रात्री अ‍ॅलन बघितला असता.

तो स्वतःला प्रॅक्टिसिंग एथिस्ट म्हणायचा, जसं तिकडे प्रॅक्टिसिंग कॅथलिक म्हणतात तसं, म्हणजे नास्तिकपणा पण रोज सकाळी उठून नेमाने करायची गोष्ट. आणि तरी दर कार्यक्रमाच्या शेवटी ग्लास उंचावून म्हणायचा, गुडनाईट, थँक यू, अँड मे युअर गॉड गो विथ यू. तुमचा देव तुमच्यासोबत असो. मी या वाक्यावर बराच विचार केलाय, बसमध्ये वगैरे. सगळी मेख त्या तुमचा मध्ये आहे. माझा नव्हे, आपला नव्हे, तो एकच खरा असलेला पण नव्हे, तुमचा जो कोण असेल तो. म्हणजे एकाच शब्दात तो हात झटकतो पण आणि तोच हात डोक्यावर पण ठेवतो. टोमणा आणि आशीर्वाद एका श्वासात. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका भांडण झाल्यावर देव तुझं भलं करो म्हणतात त्यात थोडी ही जात आहे, पण त्यात राग असतो, अ‍ॅलनच्यात नव्हता.

आता बोट. डाव्या हाताची अर्धी तर्जनी नव्हती. लहानपणी यंत्राच्या चाकात सापडून गेली. पण हे खरं कारण त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं तर नशीब. कधी सांगायचा भावाने चावलं, कधी सैन्यात जायला नको म्हणून स्वतःच तोडलं, कधी व्हिस्कीच्या ग्लासात बुडवून ठेवलं तर विरघळून गेलं. आणि तेच थोटं बोट वापरून तो हनुवटी खाजवायचा, कॅमेऱ्याकडे रोखायचा, भुताच्या गोष्टीत ऐन अंधारात पुढे करायचा. व्यंग लपवायचं सोडून त्याचं त्याने भांडवल केलं. वडिलांच्या भुताच्या गोष्टी असणार त्यामागे, असं मला उगीच वाटतं.

गेल्या दिवाळीत मी घरी बाबांना त्याच्या क्लिप्स दाखवल्या. त्यांना उच्चार कळेनात, मग मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. एक फार गाजलेला तुकडा आहे, पोराला घड्याळ शिकवायचा, तो मी भाषांतर करायला गेलो आणि फसलो. इंग्रजीत सेकंद म्हणजे सेकंद पण आणि दुसरा पण. तर पहिला काटा तासाचा, दुसरा मिनिटाचा आणि तिसरा काटा तो सेकंड काटा, म्हणजे तिसरा तोच दुसरा, आणि पोर वेडं व्हायच्या बेतात. मराठीत तिसरा काटा सेकंदाचा म्हटलं की संपलं, कुणाला काय त्रास? बाबा म्हणाले, बघ, आपली भाषा शहाणी आहे. मी म्हटलं हो.

मग रिटायरमेंटवाला तुकडा लावला. मनात धाकधूक होती. वर तेच घड्याळ टिकटिक करत होतं. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले, शिवीला आईकडे एक नजर टाकली, आई किचनमध्ये होती. घड्याळ हा शब्द आला तेव्हा ते हसले नाहीत. मान वर करून भिंतीकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, पाच मिनिटं मागे पडतं ते. मी मुद्दाम दुरुस्त करत नाही.

मग ते हसले. खांदे हलले.

क्लिप पुढे गेली, अ‍ॅलनने हनुवटीला हात लावला आणि बाबा एकदम पुढे सरकले. अरे, ह्याचं बोट कसं तुटलं?

मी खरं सांगणार होतो. पण तोंडातून निघालं, भावाने चावलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बाबा खालच्या काकांना सांगत होते, एक आयरिश माणूस आहे, काय बोलतो, आणि त्याचं बोट ना, दारूत ठेवलं होतं रात्रभर.